पाडवा नाही तर अक्षय्य तृतीया: टीएसबी बँकेच्या स्थलांतराचं प्रकरण

शुक्रवार, २० एप्रिल २०१८. दुपारी चार वाजता ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने आपल्या बऱ्याचशा सेवा बंद केल्या. रविवारी संध्याकाळी सहाला पुन्हा सुरू होतील, असं ग्राहकांना आधीच कळवलं होतं. मधल्या पन्नास तासांत ५२ लाख ग्राहकांच्या सुमारे १३० कोटी नोंदी जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत न्यायच्या होत्या. त्या नेल्याही, आणि जागच्या जागी पोचल्याही.

हे मुद्दाम आधी सांगतो, कारण आमच्या धंद्यात या प्रकरणाचं नाव निघालं की लोक सर्रास म्हणतात, ‘टीएसबीचं डेटा मायग्रेशन फसलं.’ डेटा फसला नव्हता. पुढे नियामकांनीही तसं नोंदवून ठेवलं. सामान सुखरूप पोचलं होतं. नव्या घरातले नळ, दिवे आणि कुलपं चालेनात.

रविवारी संध्याकाळी लोकांनी ॲप उघडलं. कुणाला आत शिरताच येईना. कुणाला आत गेल्यावर भलत्याच माणसाचं खातं दिसलं. पगार जमा झालाय की नाही कळेना, घराचा हप्ता गेला की नाही कळेना. फोन करावा तर लाइन लागेना, आणि शाखेत जावं तर काउंटरवरच्या माणसाचा संगणकही त्याच यंत्रणेवर. जवळपास १९ लाख लोक आपल्याच खात्याच्या दाराबाहेर उभे राहिले. गोंधळाचा फायदा भामट्यांनी घेतला: बँकेतून बोलतोय म्हणून फोन येऊ लागले, आणि सुमारे १,३०० ग्राहकांचे पैसे गेले, असं बँकेच्या प्रमुखांनी जूनमध्ये संसदीय समितीपुढे सांगितलं. बँकेचा कारभार पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला.

एप्रिल ते डिसेंबर. एका शनिवार-रविवारच्या कामासाठी.

मी पुण्यात बसून छोट्या-मध्यम व्यवसायांची सॉफ्टवेअरची कामं उभी करतो: बिलिंग, गोदाम, सेल्समनचं ॲप असली. बँकेएवढं काम माझ्या वाट्याला कधी येणार नाही. तरी नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक प्रोजेक्ट मॅनेजरला मी हे प्रकरण वाचायला लावतो, कारण याचा आतला हिशेब जितका उघड्यावर आला तितका क्वचितच येतो. बँकेनेच नेमलेल्या स्लॉटर अँड मे या वकिली कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये अडीचशेहून अधिक पानांचा अहवाल दिला. नंतर दोन नियामकांचे आदेश आले. कुठल्या महिन्यात कुणी काय ठरवलं, कुणाला काय माहीत होतं आणि कुणी काय विचारलं नाही, हे सगळं लिहिलेलं सापडतं. आपल्याकडे प्रकल्प फसला की मेल डिलीट होतात आणि माणसं दुसऱ्या कंपनीत जातात.

वेगळी चूल, पण पाणी जुन्याच विहिरीचं

टीएसबीचं मूळ फार जुनं आहे. १८१० साली स्कॉटलंडमधल्या रथवेल गावात हेन्री डंकन नावाच्या पाद्र्याने गरीब गावकऱ्यांसाठी बचत पेढी काढली. आपल्या पतपेढीच्या जातकुळीतली कल्पना. त्या परंपरेतल्या ट्रस्टी सेव्हिंग्ज बँका पुढे एकत्र आल्या आणि १९९५ मध्ये लॉइड्स या मोठ्या ब्रिटिश बँकेत विलीन झाल्या. मग २००८ चं आर्थिक संकट आलं. लॉइड्सला सरकारने सुमारे २,००० कोटी पौंड देऊन वाचवलं, आणि युरोपीय आयोगाने अट घातली की सरकारी मदत घेतली आहे तर धंद्याचा एक तुकडा वेगळा काढा. आधी तो को-ऑपरेटिव्ह बँक घेणार होती. २०१३ मध्ये तो बेत मोडला. मग सहाशेहून अधिक शाखा वेगळ्या काढून टीएसबी हे जुनं नाव पुन्हा लावलं. २०१५ मध्ये सबादेल या स्पॅनिश बँकेने ती १७० कोटी पौंडांना विकत घेतली.

चूल वेगळी झाली, पण संगणक लॉइड्सचेच राहिले. टीएसबी दरवर्षी लॉइड्सला त्याचे पैसे मोजत होती, आणि ज्या स्पर्धकापासून ती वेगळी झाली त्याच्याच यंत्रणेवर तिचा रोजचा व्यवहार चालत होता. सबादेलकडे स्वतःची यंत्रणा होती, प्रोटेओ नावाची. स्पेनमध्ये घेतलेल्या बँका तिने याच यंत्रणेवर आणल्या होत्या. तेव्हा विचार सरळ होता: प्रोटेओची ब्रिटिश आवृत्ती काढायची, टीएसबीला तिच्यावर न्यायचं आणि लॉइड्सचं भाडं वाचवायचं. वर्षाला १६ कोटी पौंड वाचतील असा अंदाज होता. स्थलांतराच्या खर्चासाठी लॉइड्सकडून ४५ कोटी पौंडही मिळणार होते.

धंद्याच्या दृष्टीने यात काहीच वावगं नाही. मी त्या खुर्चीत असतो तर मीही हेच ठरवलं असतं. अडचण पुढे आहे. महिन्यामागे किती पैसे वाचतात हे इतकं स्वच्छ दिसत असलं की तारखेला किंमत चिकटते. मग उशिराचा प्रत्येक महिना ताळेबंदात दिसतो. घाईत वगळलेली चाचणी मात्र कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

तारीख ठरली नोव्हेंबर २०१७.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच हलकी धरली गेली. ‘प्रोटेओ चालू यंत्रणा आहे, तिच्यात ब्रिटनपुरते बदल करायचे’ अशी सगळ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात ब्रिटनच्या पेमेंट पद्धती, नियम आणि टीएसबीची स्वतःची उत्पादनं यांसाठी खूप काही नव्याने बांधावं लागलं. प्रोटेओफोरयूके, म्हणजे ही ब्रिटिश आवृत्ती, नावापुरतं प्रोटेओ होतं. ‘आपलं जुनं सॉफ्टवेअर आहेच, थोडं कस्टमाइझ करून देतो’ हे वाक्य मी स्वतः किती गिऱ्हाइकांना ऐकवलंय ते मोजलेलं नाही. त्या ‘थोडं’मध्येच काम असतं.

सप्टेंबर २०१७

प्रकरण घडलं एप्रिलमध्ये, पण माझ्या मते ते ठरलं सात महिने आधी. नोव्हेंबरची तारीख गाठता येणार नाही हे सप्टेंबर २०१७ पर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्यात लाजिरवाणं काही नाही. एवढ्या मोठ्या कामाची पहिली तारीख चुकणारच. मात्र तारीख चुकते तेव्हा प्रकल्पाच्या हाती पहिल्यांदाच खरी माहिती आलेली असते. आपण दर महिन्याला प्रत्यक्षात किती काम उरकतो, कुठली तुकडी कुठे अडकते, व्हेंडरच्या, म्हणजे पुरवठादाराच्या, ‘झालं’चा अर्थ काय असतो, हे तोवर कळलेलं असतं. ती माहिती घेऊन नवा आराखडा करायचा असतो.

इथे काय झालं? नवी तारीख २०१८ च्या पहिल्या तिमाहीत, असं बँकेने सप्टेंबरअखेर बाहेर जाहीर केलं. नवा आराखडा तेव्हा पुरा झालेलाही नव्हता. तारीख उजवीकडे खुंटीसारखी ठोकली आणि कामं तिथून डावीकडे मोजत बसवली. अहवालाने नेमकं बोट ठेवलंय ते इथे: कामाच्या काही तुकड्या तेव्हा सात महिन्यांपर्यंत मागे होत्या, आणि तारीख ढकलली होती चारच महिन्यांनी. मग उरलेले तीन महिने कुठून येणार, हे संचालक मंडळाने विचारलं नाही.

सात आणि चार. यासाठी संगणकशास्त्र लागत नाही, तिसरीतल्या मुलाची वजाबाकी लागते.

पण मला त्या संचालकांना हसता येत नाही, आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका वितरकाचं काम होतं. नाव सांगत नाही. शेठजींना बिलिंगचं ॲप पाडव्याच्या मुहूर्तावरच सुरू करायचं होतं. फेब्रुवारीत लक्षात आलं की गोदामातला साठा आणि ॲपमधला साठा जुळत नाही. मी शेठजींना म्हटलं, ‘पाडवा नाही तर अक्षय्य तृतीया करू.’ साडेतीन मुहूर्तांतला तोही एक, शेठजी लगेच तयार झाले. मीटिंग दहा मिनिटांत आटोपली आणि सगळे खूश. त्या दहा मिनिटांत एकानेही विचारलं नाही, मीसुद्धा नाही, की साठा जुळत का नाही आणि तो जुळवायला किती दिवस लागतील. अक्षय्य तृतीयेलाही जुळला नाही. पुढचे तीन आठवडे सेल्समन वहीत लिहीत होते, आणि वही ॲपमध्ये चढवायला आम्ही रात्री दोन पोरं बसवली होती.

नवी तारीख ठरली की खोलीत एक सुस्कारा सुटतो. आपण प्रश्न सोडवला असं वाटतं. प्रत्यक्षात आपण पंचांगाचं पान उलटलेलं असतं.

नव्या आराखड्यात वेळ बसवायचा म्हणजे कुठून तरी काढायचा. तो चाचण्यांमधून काढला गेला. चाचण्यांचे टप्पे एकापाठोपाठ एक घ्यायचे हे बँकेचंच तत्त्व होतं. आता ते एकाच वेळी चालवायचे ठरले. पाया ओला असताना वरच्या मजल्याचं प्लास्टर करण्यासारखं. खालच्या टप्प्यात दोष सापडून तिथला कोड बदलला की वरच्या टप्प्यात ‘पास’ झालेल्या चाचणीला अर्थ राहत नाही. पण स्टेटस रिपोर्टमध्ये ती पासच दिसते.

घरचाच सुतार

नवी यंत्रणा बांधत होती साबिस. साबिस ही सबादेलचीच आयटी कंपनी. म्हणजे टीएसबी आणि साबिस या एकाच आईच्या दोन लेकी. बांधणारही साबिस आणि पुढे रोज चालवणारही साबिस.

घरच्या सुताराला काम दिलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पैसे अडवता येत नाहीत, करारावर बोट ठेवता येत नाही, दुसरा सुतार बोलावता येत नाही. ‘होईल हो’ म्हटलं की मान डोलवायची. कागदावर टीएसबी ग्राहक होती आणि साबिस पुरवठादार. पण ज्या मालकाने साबिसला नेमलं त्यानेच टीएसबीच्या प्रमुखांनाही नेमलं होतं. टीएसबीने साबिसकडे त्रयस्थ पुरवठादार म्हणून पुरेसं पाहिलं नाही, असा ठपका पुढे आला.

त्यात साबिस एकटी नव्हती. तिच्या हाताखाली ८५ उपकंत्राटदार होते. स्पेनमध्ये चालणाऱ्या यंत्रणेसाठी साबिसला एवढा गोतावळा सांभाळायची सवय नव्हती. कोण किती तयार आहे याची खात्री साबिसने करायची, आणि साबिसने ती खरंच केली का याची खात्री टीएसबीने.

एप्रिलमध्ये, गो-लाइव्हच्या म्हणजे नवी यंत्रणा प्रत्यक्ष सुरू करण्याच्या आधी, टीएसबीने साबिसकडून पत्र मागवलं: तुमची तयारी झाली आहे का? साबिसने पत्र दिलं. पण त्यात बरंचसं ‘होईल’ होतं, ‘झालं आहे’ कमी. उपकंत्राटदारांच्या बाबतीत तर त्यांच्याकडून काय अपेक्षित आहे एवढंच होतं. अमुक चाचणी अमुक दिवशी घेतली, हा तिचा निकाल, असा पुरावा नव्हता. ते पत्र फाइलला लागलं आणि काम पुढे सरकलं.

मराठीत काळ तीन असतात हे शाळेत घोकून घेतात ते उगाच नाही. साइन-ऑफचं पत्र हाती आलं की मी आता आधी क्रियापदं बघतो.

या पत्रापायीच पुढे एका माणसाला वैयक्तिक दंड झाला. टीएसबीचे तेव्हाचे मुख्य माहिती अधिकारी कार्लोस आबार्का यांना प्रुडेन्शियल रेग्युलेशन ऑथॉरिटी या बँक नियामकाने एप्रिल २०२३ मध्ये ८१,६२० पौंडांचा दंड ठोठावला. साबिस आणि तिचे उपकंत्राटदार खरोखर तयार आहेत का, याची खातरजमा करायला त्यांनी वाजवी पावलं उचलली नाहीत, हा त्यांच्यावरचा आरोप होता. ‘व्हेंडरने सांगितलं होतं’ ही सबब पदावरच्या माणसाला वाचवू शकत नाही, हे त्या आदेशात पांढऱ्यावर काळं झालं.

दोन डेटा सेंटर, एकाची परीक्षा

आता प्रत्यक्ष बिघाडाकडे. नवी यंत्रणा दोन डेटा सेंटरवर एकाच वेळी चालणार होती. दोन्ही जिवंत, दोन्हींत भार वाटलेला. एक पडलं तर दुसरं सांभाळेल. रचना चांगली आहे. पण दोन्ही अगदी एकसारखी बसवलेली असतील तरच ती चांगली.

भाराची चाचणी घ्यायची म्हणजे हजारो माणसं एकदम आत शिरल्यासारखं सोंग करून यंत्रणा टिकते का ते पाहायचं. ती चाचणी दोनपैकी एकाच डेटा सेंटरवर घेतली गेली. दुसरं पहिल्यासारखंच आहे असं धरून चालले होते, आणि ते तसं नव्हतं. दोन्हींच्या मांडणीत फरक होते. रविवारी संध्याकाळी खरी गर्दी आली तेव्हा मांडणी, क्षमता आणि कोड या तिन्हींतले दोष एकदम वर आले.

व्यवहाराचं सॉफ्टवेअर दोन प्रकारे तपासायचं असतं. एक म्हणजे बटण दाबलं तर पैसे जातात का. दुसरं म्हणजे लाख लोकांनी एकदम दाबलं तर जातात का. पहिली चाचणी डेमोत दाखवता येते, गिऱ्हाईक टाळ्या वाजवतं. दुसरीसाठी पैसे लागतात, वेळ लागतो, आणि ती उत्तम पार पडली तर दाखवायला काहीच नसतं. वेळ कमी पडला की कात्री नेहमी दुसरीवर चालते. माझ्या कामांत लाख लोक नसतात. चाळीस सेल्समन असतात. पण तेही चाळीसच्या चाळीस संध्याकाळी साडेसहाला, बाजार उठल्यावर, एकदम ऑर्डरी चढवतात.

दोषांच्या आकड्याचंही असंच. बीबीसीच्या बातमीनुसार यंत्रणा सुरू करतेवेळी चाचण्यांतले सुमारे २,००० दोष माहीत होते, पण संचालक मंडळाला ८०० सांगितले गेले होते. मला यात कुणी मुद्दाम लपवल्यापेक्षा गाळणी लागल्याची शक्यता जास्त वाटते. खालचा माणूस ‘हे किरकोळ’ म्हणून काही काढतो, मधला ‘हे गो-लाइव्हनंतर करू’ म्हणून काही काढतो, वरचा स्लाइडवर मावत नाहीत म्हणून काही काढतो. प्रत्येकाने आपल्यापुरतं बरोबरच केलेलं असतं.

एकदम की थोडं थोडं

सगळे ग्राहक एकाच शनिवार-रविवारी हलवायचे हा निर्णय अगदी सुरुवातीचा. काही सेवा आधी सुरू करून पाहिल्या, बँकेच्या कर्मचाऱ्यांवर प्रयोगही केला, पण मोठा गठ्ठा एकदमच नेला. बिघाडानंतर बोलावलेल्या आयबीएमच्या लोकांनी सुरुवातीच्या टिपणातच लिहिलं की यंत्रणा तयार आहे हे सिद्ध करणारे कडक निकष लावल्याचा पुरावा त्यांना दिसला नाही. एवढ्या मोठ्या कामात ग्राहक टप्प्याटप्प्याने आणणं त्यांना अपेक्षित होतं.

इथे आपल्याकडचं एक उदाहरण आठवतं. विजया बँक आणि मुंबईत मुख्यालय असलेली देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. पाट्या बदलल्या, पण यंत्रणा लगेच एक झाल्या नाहीत. शाखा गटागटाने हलवल्या. विजयाचं काम सप्टेंबर २०२० मध्ये आणि देनाचं त्या डिसेंबरमध्ये संपलं. पाच कोटींहून अधिक खाती हलली, तीही करोनाच्या वर्षात. देनाचं खातं असलेल्या कितीतरी घरांत चर्चा झाली ती नवा आयएफएससी कोड कुठे कुठे कळवायचा याची.

ही तुलना फार ताणू नये. तिन्ही बँका फिनॅकल या एकाच बँकिंग सॉफ्टवेअरवर होत्या, त्यामुळे भाषा एकच होती. टीएसबीला भाषाच बदलायची होती. शिवाय टप्प्याटप्प्याने जायचं तर मधले महिने दोन यंत्रणा समांतर चालवाव्या लागतात, दोन्हींचा खर्च आणि दोन्हींचा मेळ. टीएसबीच्या बाबतीत त्यातली एक यंत्रणा लॉइड्सची होती, म्हणजे भाडं चालूच. पण गटागटाने नेलं की पहिल्या गटात बिघाड झाला तर पहिलाच गट अडकतो. ५२ लाख लोक एकदम नेले, रविवारी दार उघडलं आणि त्यांनी व्यवहार सुरू केले, की परतीची वाट जवळजवळ बुजते. नव्या यंत्रणेत झालेले व्यवहार जुनीत कुठून आणणार?

नंतर

नंतरचं थोडक्यात. सबादेलने लगेचच स्थलांतर यशस्वी झाल्याचं जाहीर केलं होतं. बँकेचे प्रमुख पॉल पेस्टर यांनी २५ एप्रिलच्या पहाटे ट्विट केलं की ॲप आणि ऑनलाइन बँकिंग आता सुरू आहे. ग्राहकांनी तिथल्या तिथे कळवलं की नाही. त्याच आठवड्यात पेस्टर यांना बँक गुडघ्यावर आल्याचं कबूल करावं लागलं. सप्टेंबरमध्ये ते गेले. २०१८ या एका वर्षात या प्रकरणाचा खर्च ३३ कोटी पौंडांवर गेला. वर्षाला १६ कोटी वाचवायला निघाले होते. सुमारे ८० हजार ग्राहक दुसऱ्या बँकेत गेले. वर्षभरात २,२५,४९२ तक्रारी आल्या आणि ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई द्यावी लागली. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही नियामकांनी मिळून ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

एक गोष्ट बँकेच्या बाजूने नोंदवायला हवी. स्लॉटर अँड मेच्या निष्कर्षांपैकी अनेक टीएसबीने मान्य केले नाहीत. संचालकांनी प्रश्न विचारले होते, तज्ज्ञांचा सल्ला घेतला होता, घटना घडून गेल्यावर शहाणपण सुचणं सोपं असतं, असं तिचं म्हणणं. पहिल्या भागात तथ्य आहे. मंडळाला ढीगभर कागद मिळत होते आणि प्रश्नही विचारले जात होते. पण ‘चाचणीची टक्केवारी किती’ हा प्रश्न आणि ‘सात वजा चार किती’ हा प्रश्न यांत फरक आहे. पहिल्याचं उत्तर स्लाइडवर असतं. दुसरा विचारला की खोलीत शांतता पसरते, आणि ती शांतता विचारणाऱ्यालाच नकोशी होते.

या प्रकरणानंतर मी माझ्या कामात एकच मोठी गोष्ट बदलली. तारीख पुढे ढकलायची मीटिंग असेल तर त्या मीटिंगमध्ये नवी तारीख द्यायची नाही. गिऱ्हाईक चिडतं. एका बाईंनी मला ‘मग तुम्ही आलात कशाला?’ असं विचारलं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं. मी त्यांना सांगितलं, आज फक्त काय राहिलंय आणि का राहिलंय ते सांगतो. तारीख आठ दिवसांनी, कामं मोजून. त्या आठ दिवसांत आम्ही एवढंच करतो: गेल्या दोन महिन्यांत ठरवलेल्यापैकी खरंच किती झालं ते बघतो, आणि उरलेल्या कामाला तोच वेग लावतो. तारीख जवळजवळ नेहमीच गिऱ्हाइकाला नको तितकी लांब येते. मग घासाघीस होते. पण ती ‘कुठला भाग आत्ता नको’ यावर होते. चाचणीचे दिवस कापण्यावर मी होऊ देत नाही. व्हेंडरचं ‘तयार आहे’ पत्र आलं तर त्यासोबत चाचणीचा निकाल मागतो. आणि जमेल तिथे आधी एकच दुकान, एकच गोदाम, एकच तालुका. शेठजींना हे पटवणं सर्वांत अवघड जातं, कारण उद्घाटनाला पेढे सगळ्या शाखांत एकदम वाटायचे असतात.

टीएसबीची गोष्ट मात्र संपलेली नाही. जुलै २०२५ मध्ये सबादेलने ती सांतांदेर या दुसऱ्या स्पॅनिश बँकेला विकायचा करार जाहीर केला, किंमत २६५ कोटी पौंड. सांतांदेरची ब्रिटनमध्ये आधीपासून मोठी बँक आहे आणि टीएसबी तिच्यात मिसळून घ्यायची असं तिने सांगितलं आहे. म्हणजे त्याच माणसांची खाती पुन्हा एकदा हलणार. हलवायची तारीख जाहीर झाली की मी किंमत वगैरे वाचणार नाही. ती तारीख कुणी, कशावरून आणि कुठल्या बाजूने मोजत काढली, तेवढं शोधणार आहे.